बचाव करणे हे पाप नव्हे

ख्रिस्ती माणसाने वकिली करू नये, असे मानणारे आमच्या वसईत आजही भेटतात. मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात कुणीतरी विचारतोच, "काय वकीलसाहेब, या आठवड्यात किती चोर सोडवलेत?" प्रश्न हसण्यावारी नेता येतो. त्यामागचे मत मात्र पक्के असते आणि ते चुकीचे आहे.

त्यांचा पहिला पुरावा बायबलमधला. येशूने शास्त्र्यांचा धिक्कार केला, हे लूकच्या अकराव्या अध्यायात आहे, खरे. पण ते शास्त्री म्हणजे कोर्टात उभे राहणारे वकील नव्हेत. मोशेच्या नियमांचा अर्थ सांगणारे धर्मपंडित. लोकांवर न पेलणारी ओझी लादायची आणि स्वतः बोटही लावायचे नाही, हा त्यांचा गुन्हा. (तो आज कुणाकुणाला लागू पडतो, हे धर्मगुरूंनीही एकदा तपासावे.) त्याच नव्या करारात निकदेमही आहे. माणसाचे म्हणणे ऐकून न घेता आपला कायदा त्याला दोषी ठरवतो काय, असे त्याने येशूवर उठलेल्या परुश्यांना विचारले. फौजदारी बचावाचा सगळा पाया या एका प्रश्नात आहे. बार कौन्सिलचे नियमही तेच सांगतात: आरोपी दोषी असावा असे वकिलाला स्वतःला वाटत असले, तरी त्याने बचाव करायचा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कुणाला शिक्षा होता कामा नये. खरा चोर सुटतो तेव्हा वकिलाला शिव्या घालण्याआधी पंचनामा वाचून पाहावा.

दुसरा आक्षेप पौलाचा आणि तो मी हलका मानत नाही. भावाने भावाला कोर्टात खेचू नये, असे त्याने करिंथकरांना बजावले. वाडीच्या वाटणीचे दावे चालवणाऱ्याला त्याचे मर्म कळते. आईच्या दवाखान्याच्या पावत्यांवर निशाणी क्रमांक पडतो आणि तिला कुणी किती वेळा नेले, यावर दोन सख्ख्या भावांची उलटतपासणी होते. अशा दाव्यात तडजोड पुरसिस दाखल करून घेणे हेच वकिलाचे सर्वांत चांगले काम. लोकअदालतीत मिटले तर कोर्ट फीही परत मिळते.

पण हाच पौल फटके मारायला बांधला गेला, तेव्हा त्याने आपले रोमन नागरिकत्व पुढे केले आणि सुभेदार फेस्तसासमोर थेट कैसराकडे दाद मागितली. शिवाय 'घरातच मिटवा' हा उपदेश बहिणीला केला जातो, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा 'हक्कसोडपत्रावर सही कर' एवढाच असतो. केरळच्या मेरी रॉय यांनी तो ऐकला नाही. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळे. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे भारतीय उत्तराधिकार कायदाच लागू असल्याचे ठरवले आणि सीरियन ख्रिस्ती मुलींना समान वाटा मिळाला. जे चर्चमध्ये सुटले नाही, ते कोर्टात सुटले.

घटस्फोटाचा पेच खरा आहे. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी वकिलांना घटस्फोटासाठी आपला पेशा वापरू देऊ नका, असे सांगितले. हेतू विवाह मोडण्याचा नसून दुसऱ्या रास्त परिणामांचा असेल, तर मात्र वाट मोकळी ठेवली. मार खाऊन आलेल्या बाईची पोटगी आणि संरक्षण त्या वाटेत बसते, असे माझे मत. तिची फाइल परत करणाऱ्याने धर्म पाळला, असे मी म्हणणार नाही.

आता कुणी विचारेल, श्रद्धा आणि वकिली एकत्र नांदल्याचे उदाहरण दाखवा. काका बॅप्टिस्टा. घराणे उत्तनचे, जन्म १८६४ मध्ये माझगावचा, धर्माने कॅथलिक, पेशाने बॅरिस्टर. त्यांच्या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, तेच १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या निमित्ताने. त्या समाजातला हा माणूस राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या बाजूने आणि १९१० मध्ये सावरकरांच्या बचावाला उभा राहिला, पुढे कामगार संघटनांत राबला. अशिलाची श्रद्धा आपल्याहून वेगळी आहे, सरकार नाराज होईल, हा हिशेब त्यांनी केला नाही.

मग वकिलीत पाप नाहीच का? आहे, पण टीकाकार बोट दाखवतात तिथे नाही. ते आहे मुदतीच्या अर्जात. पक्षकार ठणठणीत असताना 'आजारी असल्याने हजर राहू शकत नाही' असे लिहायचे, खाली सही ठोकायची आणि समोरच्या म्हातारीला पुन्हा पुढची तारीख घेऊन एसटीने परत पाठवायचे. ते आहे साक्षीदाराला पायऱ्यांवर पढवण्यात आणि न वाचलेल्या प्रतिज्ञापत्रावर 'मजकूर खरा व बरोबर' म्हणून अंगठा घेण्यात. खुनाचा बचाव वर्षातून एखादा. हे तर रोजचे. त्याबद्दल चर्चच्या आवारात मला अजून कुणी छेडलेले नाही, आणि पापनिवेदनाला जाणारे वकीलही ते पापात धरत नाहीत.

यंदा सनद घेतलेल्या आमच्या मुलामुलींना म्हणून सांगतो: खुनाच्या आरोपीचे वकीलपत्र निर्धास्त घ्या. खोट्या कारणाचा मुदतीचा अर्ज मात्र लिहू नका, सीनियरने सांगितले तरी.