किल्ली काढली तरी धडधड

काकांची कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी किल्ली काढल्यावरही दोन-चार सेकंद धडधडत राहायची. मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. काका तर गाडी विकायलाच निघाले. मी म्हटलं, थांबा जरा. स्पार्क बंद झाला तरी आयडल जेटमधून पेट्रोल आत ओढलं जातं आणि सिलिंडरमधला तापलेला कार्बन ते पेटवतो. म्हणून आधी आयडल बघायचं. बऱ्याचदा कोणीतरी ते वाढवून ठेवलेलं असतं. मग कार्ब्युरेटरवरचा सोलेनॉइड. इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवली की तिथून 'टक' ऐकू यायला हवं. काकांच्या गाडीत आलं नाही. सोलेनॉइड उघडाच अडकला होता!

तुमची गाडी इंजेक्शनवाली असेल तर हे कारण जवळपास बाद. इंजेक्टर मिटला की पेट्रोल संपलं. बंद होताना एकच दणका बसत असेल तर माझा पहिला संशय इंजिन माउंटिंगच्या रबरावर. गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा आणि कोणाला तरी इंजिन चालू-बंद करायला सांगा. इंजिन उडी मारतं का बघा. (हात आत नको, पंखा नंतरही फिरतो.) क्लच दाबून बंद केल्यावर आवाज बदलला, तर मात्र क्लच-गिअरबॉक्स दाखवून घ्या.