कचऱ्यातील खाण

दसऱ्याच्या मुहूर्तावर नवे वाहन दारात आणून त्याला झेंडूची माळ घालण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. अलीकडे ही माळ विजेवर चालणाऱ्या दुचाकींना आणि मोटारींनाही पडू लागली आहे. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या देशात हे परिवर्तन निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु पूजा झालेल्या त्या वाहनाची बॅटरी काही वर्षांनी थकेल, तेव्हा ती कोठे जाणार, याचा विचार मुहूर्त साधणाऱ्यांपैकी फारच थोडे जण करतात.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये जपानमधून बाजारात आली आणि भ्रमणध्वनीपासून मोटारीपर्यंत सर्वत्र पसरली. तिचे मूल्य मात्र दूरच्या भूमीने चुकविले. जगातील सुमारे ७० टक्के कोबाल्ट ज्या काँगोमधून निघते, तेथील हातांनी खोदलेल्या खाणींत लहान मुलेही राबत असल्याचे वारंवार उघड झाले आहे. चिलीच्या अटाकामा वाळवंटात भूगर्भातील खारे पाणी उपसून, ते उन्हात आटवून लिथियम मिळविले जाते. मुळातच तहानलेल्या त्या प्रदेशातील मूळ रहिवाशांना आपल्या पाण्याची चिंता ग्रासते आहे. या खनिजांच्या शुद्धीकरणावर आणि बॅटरीनिर्मितीवर आज चीनचे वर्चस्व आहे. तेलासाठी आखाताकडे पाहणारा देश उद्या लिथियमसाठी बीजिंगकडे पाहू लागला, तर धनी बदलेल. परावलंबन तेच राहील.

जम्मू-काश्मीरमधील रियासी येथे ५९ लाख टन लिथियम खनिज असल्याचा प्राथमिक अंदाज फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा देशभर आनंद व्यक्त झाला. पण त्याच्या लिलावाला पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. ती खाण सुरू होईल तेव्हा होईल. दुसरी खाण मात्र आपल्या घराघरांत आजच उपलब्ध आहे. कपाटाच्या खणात पडून असलेले जुने भ्रमणध्वनी आणि संगणक म्हणजेच ती खाण. त्यांत लिथियम, कोबाल्ट, तांबे असे सारे आहे.

ही संपत्ती अयोग्य हाती गेली, तर तीच विष ठरते. कचऱ्याच्या गाडीत दबलेली बॅटरी पेट घेते आणि जळताना हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक वायू सोडते. इन्व्हर्टरच्या शिसेयुक्त बॅटरीसाठी २००१ मध्येच नियम झाले होते. तरीही वस्त्यांमधील भट्ट्यांत शिसे वितळविणे थांबले नाही आणि त्याची झळ तेथील मुलांना बसली. तो धडा विसरणे परवडणारे नाही.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये नवे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू करून उत्पादकावर उत्तरदायित्व टाकले. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटरीतील किमान ९० टक्के द्रव्य परत मिळविण्याचे उद्दिष्ट २०२६-२७ पासून ठरविण्यात आले. दिशा योग्य आहे. कसोटी अंमलबजावणीची आहे. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट नसते, त्यामुळे तिच्या भंगाराला भाव कमी मिळतो. अशी बॅटरी केवळ नफ्याच्या ओढीने परत येणार नाही. तेथे शासनाचा धाकच हवा. तसेच जुन्या बॅटरीची काळी भुकटी करून ती परदेशी विकणे म्हणजे पुनर्चक्रीकरण नव्हे. कापूस बाहेर पाठवून कापड विकत घेण्याचे दिवस या देशाने एकदा भोगले आहेत. भुकटीतून शुद्ध धातू वेगळे करण्याचे तंत्र आणि कारखाने येथेच उभे राहिले पाहिजेत.

तथापि सर्व भार शासनावर टाकून समाज मोकळा होत नाही. जुनी बॅटरी अन्य कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलकाकडेच द्यावी, असे हेच नियम ग्राहकालाही बजावतात. निसर्गाचे शोषण न करता दोहन करावे, हा विचार आपल्याकडे व्यासपीठांवरून नेहमी मांडला जातो. एकदा काढलेला धातू पुन्हा पुन्हा वापरणे हेच त्याचे आजचे आचरण होय. चालू स्थितीतील उपकरण केवळ हौसेपोटी न बदलण्याचा संयमही त्यातच येतो.

खंडेनवमीला घरोघरी शस्त्रे आणि अवजारे पुसून त्यांची पूजा होते. त्याच दिवशी कपाटाचे खण रिकामे करून निकामी उपकरणे एकत्र करावीत आणि वस्तीतील कार्यकर्त्यांनी ती नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रापर्यंत पोहोचवावीत. ज्याने आयुष्यभर सेवा दिली, त्याचा शेवटही नीट व्हावा, हे त्या पूजेला साजेसेच ठरेल.