पंचेचाळिसाव्या दिवसाची परीक्षा

लघुउद्योगांना नावे ठेवण्याची फॅशन उद्योगजगतात चांगलीच रूढ झाली आहे. त्यांचा माल दर्जेदार नसतो, यंत्रे जुनाट असतात, संशोधनाच्या नावाने शून्य, अशी प्रवचने बड्या कंपन्यांचे अधिकारी परिसंवादांतून झोडत असतात. या दुर्बलतेचे एक मूळ आपल्याच खरेदी विभागात आहे, हे सांगण्याचे धारिष्ट्य मात्र कोणी दाखवीत नाही.

भोसरी, सातपूर वा शिरोलीतील सुटे भाग बनविणाऱ्या छोट्या कारखानदाराची अवस्था पाहावी. कच्च्या मालाचे पैसे बहुधा रोख, कामगारांचे पगार दरमहा, वस्तू व सेवा करही बिल वसूल होण्याची वाट पाहत नाही. बिलाची रक्कम मात्र कित्येकदा तीन-चार महिन्यांनी हाती पडते. मधली तूट तो कर्जाने भागवतो. म्हणजे भांडवल मोठ्याने वापरायचे आणि व्याज छोट्याने भरायचे! वर भावकपातीचा तगादा आहेच. मग नवे यंत्र घ्यायचे कशातून?

कायदा नाही असे नाही. २००६ च्या अधिनियमानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत, अन्यथा १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंबास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. २०१७ पासून तक्रारीसाठी ‘समाधान’ पोर्टलही आहे. पण तक्रार करायची कोणी? ज्याची पुढची ऑर्डर त्याच खरेदीदाराच्या हाती आहे त्याने? पाण्यात राहून माशाशी वैर धरणार कोण? सरकारी खातीही या दिरंगाईला अपवाद नाहीत.

म्हणूनच १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली प्राप्तिकरातील तरतूद मोलाची ठरते. मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्यासाठी तक्रारीची गरज नाही. चाप बसताच काही व्यापारी संघटनांनी ती पुढे ढकलण्याची मागणी केली, यातच सारे आले!

जागतिक स्पर्धेत हे परवडत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो पोकळ आहे. जपानने उपकंत्राटदारांचे पैसे रखडू नयेत म्हणून १९५६ मध्येच कायदा केला. टोयोटा पुरवठादारांशी दीर्घकाळचे संबंध जपते, आपले अभियंते त्यांच्या कारखान्यांत धाडते. यामुळे टोयोटा बुडाली काय?

प्रत्येक बड्या कंपनीने सरासरी किती दिवसांत बिले चुकती केली, हे वार्षिक अहवालाच्या पहिल्याच पानावर छापावे आणि सरकारने आपल्या खात्यांपासून आरंभ करावा. स्वदेशीचा जयघोष व्यासपीठावरून कोणीही करील. त्याची खरी परीक्षा खरेदी विभागाच्या टेबलावर, पंचेचाळिसाव्या दिवशी होत असते.