फावडं तिसऱ्या दिवशी

आमच्या मानवतकडं पाणी आटलं की एकच उपाय सुचतो, खोल जायचं. आड आटला की बोअर. दोनशे फुटांवर धूळ उडाली की, ‘घ्या अजून शंभर.’ गाडीवाला फुटावर पैसे मोजतो आणि आपण देवाचं नाव घेतो.

ओळखीतली एक मुलगी यंदा कृषी पदवीधर झाली. प्रशांत महासागरातल्या एखाद्या बेटावर वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायचं तिच्या मनात आहे. “काका, तिथं गेल्यावर आधी काय करू?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “काहीच करू नकोस.” ती रुसली. आजचा मजकूर तिची समजूत घालण्यासाठी.

किरिबाटी घ्या. ३३ बेटांचा हा देश १९७९ साली स्वतंत्र झाला. बेटं जवळजवळ सगळी प्रवाळाची, चिंचोळी, समुद्रापेक्षा जेमतेम दोन-तीन मीटर उंच. चहूकडं पाणी, पण नदी नाही की ओढा नाही. पाऊस वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर राहतो, ताकावर लोणी तरंगावं तसा. विहीर त्या थरापुरतीच खणायची. आणखी खोल गेलात किंवा पंपानं जास्त उपसलंत की खालचं खारं पाणी वर येतं.

आता आपलं पोर तिथं उतरलं आहे असं समजा. विहीर बघून त्याच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल? ‘हिला खोल घ्या की!’ हेतू चांगला, अंगात ताकद, आणि पिण्याचं पाणी नासवायला एवढं पुरेसं आहे.

तिथली बाबाईची शेतीही अशीच. बाबाई हे अळूच्या जातीतलं कंदाचं पीक. ते जमिनीत खड्डा खणून लावतात, आणि खड्डा मुळं गोड्या पाण्याला टेकतील इतकाच ठेवतात. भोवती पालापाचोळ्याचं खत घालतात. काळ्या मातीवर शिकलेल्या आमच्या पदवीधराला ही शेती एखाद्या म्हातारीच्या शेजारी बसूनच शिकावी लागेल. तिथं गावाचं सभागृह असतं, त्याला मानेआबा म्हणतात. आपला पार आणि चावडी एका छपराखाली आणावी तसं. त्यात कोणत्या घराण्यानं कुठं बसायचं हे परंपरेनं ठरलेलं. पाहुण्याचा पहिला धडा तिथंच सुरू होतो. आधी आपली चटई कुठली, ते कळलं पाहिजे.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, फजितीनं सांगतो. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या शिबिराला आम्हीही गेलो होतो, जवळच्याच एका खेड्यात. पहिल्या दिवशी बॅनर, नारळ, भाषणं. दुसऱ्या दिवशी हापशाजवळ शोषखड्डा. एक म्हातारी ओट्यावरून बघत होती. संध्याकाळी म्हणाली, “लेकरांनो, उतार तिकडं हाय, खड्डा इकडं कशाला केला?” खड्डा सातही दिवस कोरडा राहिला. समारोपाचा फोटो मात्र त्याच्याच काठावर काढला.

असाच धडा जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांना १९७० साली मिळाला. ते औषधं घेऊन आले होते, लोकांची निकड अन्न आणि पाण्याची होती. आरोळे दांपत्यानं ऐकलं. दुष्काळात आधी जेवणाची आणि विहिरींची कामं हाती घेतली. पुढं गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायांना आरोग्यसेविका केलं. परदेशातले वैद्यकीय विद्यार्थी जामखेडला येऊन याच बायांकडून शिकतात. आलेला पाहुणा तिथं विद्यार्थी असतो, हा नियमच आहे म्हणा.

आणि सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस? काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यात ते होते. सोबती परतले, हे राहिले. चिनी भाषा शिकले, तिथलेच झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. शस्त्रक्रियेचं कौशल्य ते इथून घेऊन गेले होते. पण ‘कुठं दुखतंय?’ हे रुग्णाच्या भाषेत विचारणं त्यांना तिथंच शिकावं लागलं.

म्हणून महाविद्यालयांच्या शिबिरांसाठी माझी एक साधी सूचना आहे. पहिले दोन दिवस फावडं कुलपात ठेवा. पोरांनी घरोघर जेवावं, पाणी शेंदावं, पावसाचं पाणी कोणत्या गल्लीतून वाहतं हे विचारावं. दुसऱ्या रात्री पारावर बसून जे ऐकलं ते गावालाच सांगावं. चुकलं तर गाव दुरुस्त करील. फावडं तिसऱ्या दिवशी. कुणी म्हणेल, सातातले दोन दिवस वाया गेले. आमचे सातही गेले होते.

असं शिबिर केलेलं पोर मानवतहून निघून किरिबाटीतल्या तरावाला उतरलं तरी परकं ठरणार नाही. टंचाई त्याला माहीत आहे, घागरीचं वजन माहीत आहे. ही आपली खरी शिदोरी. फक्त आपल्या टंचाईवरचा उपाय त्यानं त्यांच्या टंचाईला लावू नये.

तेव्हा पोरी, रुसू नकोस. जा. गेल्यावर विहिरीत वाकून बघ, किती खोल आहे ते विचार. मग एवढीच का, तेही विचार. त्याचं उत्तर नीट समजलं, की फावडं माग.