दुरून डोंगर साजरे

परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही सर्व मंडळी एका ज्वालामुखीचें चलच्चित्र पाहत बसलों होतों. आइसलंडमधील फाग्रादाल्सफ्याल डोंगराजवळचा हा उद्रेक १९ मार्च २०२१ रोजीं सुरू झाला व सुमारें सहा महिने चालला. उसळणाऱ्या शिलारसाचे शिंतोडे विवराच्या कांठावर पडून थिजतात आणि त्यांचीच भिंत उभी राहते. अशी भिंत घाईनें रचलेली. आंतील रसाचा ताप व दाब तिला फार काळ सोसत नाहीं. पाहतां पाहतां तिचा एक भाग ढासळला, तांबडा लोंढा बाहेर पडला आणि मुलांनीं टाळ्या पिटल्या. खरें सांगावयाचें तर मीहि पिटल्या.

तेवढ्यांत सौ.नें हलकेंच विचारलें, "तिथें जवळ कोणी राहत नाहीं का हो?"

त्या खोऱ्यांत वस्ती नव्हती. पण त्याच द्वीपकल्पावर ग्रिंडाविक हें मासेमारीचें गांव आहे. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्रीं तेथील सुमारें ३,८०० माणसांना घरदार सोडून निघावें लागलें. १४ जानेवारी २०२४ रोजीं दुसऱ्या एका उद्रेकाचा शिलारस गांवांत शिरला व तीन घरें जळालीं. तेंहि जगानें पडद्यावरच पाहिलें.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणहि अशाच शिलारसाचा, सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं थिजलेला. त्यावर घरें बांधून आपण निश्चिंत आहोंत. दुरून डोंगर साजरे, हें खरें. पण त्याच्या पायथ्याशीं कोणाचा उंबरठा आहे, हें विचारल्यावांचून टाळी वाजवूं नये, एवढें त्या रात्रीं मी शिकलों.