बाकावरचा ठेका

वर्ग चालू असतां एखादा मुलगा बाकावर बोटांनीं ठेका धरतो, आणि आम्ही शिक्षक त्यास तत्काळ दटावितों. गेल्या पावसाळ्यांत असाच एक मुलगा आम्हीं वर्गाबाहेर काढिला. पत्र्यावर लोणावळ्याचा पाऊस कोसळत होता व मुलगा त्याच्याशींच ताल जुळवीत होता, हें मागाहून ध्यानांत आलें. ती शिक्षा योग्य होती काय, याविषयीं आम्हांस अजून संशय आहे.

श्री. त्रिलोक गुर्टू यांचें चरित्र पाहतां तो बळावतो. बेळगांवांत जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे हे चिरंजीव. जन्म मुंबईंत, १९५१ सालीं. हात तयार झाला तबल्यावर. मग ते पाश्चात्य ड्रमकडे वळले. जॅझ संगीताच्या 'मुक्त' पंथांत वादक चालीचें व तालाचें ठराविक बंधन न मानतां जागच्या जागीं रचना करितात. त्या पंथाचे अग्रणी डॉन चेरी यांच्यासह गुर्टू वाजवूं लागले. 'ओरेगॉन' या संचांत तबला व सतार वाजविणारे कॉलिन वॉलकॉट १९८४ सालीं अपघातांत निवर्तले. त्यांच्या जागीं गुर्टू आले. १९८८ च्या 'उस्फ्रेट' या ध्वनिमुद्रिकेंत एकीकडे चेरींचा ट्रंपेट, तर दुसरीकडे मातोश्रींचा कंठ! ते स्टुलावर न बसतां गुडघे टेकून वाजवितात, आणि झांज पाण्याच्या बादलींत बुडवून तिचा नाद वांकवितात.

कोणी म्हणेल, हा निव्वळ स्वैराचार. आम्हांस तसें वाटत नाहीं. सोळा मात्रा ज्याच्या रक्तांत भिनल्या, त्यानेंच मोजणें सोडावें. पण त्या मात्रा शिकविण्याची सोय आम्हीं कोठें केली? आम्हीं मुलांस केवळ गप्प बसावयास शिकविलें. सहलीस आम्ही त्यांना मळवलीजवळच्या भाजें लेण्यांत नेतों, तबल्यासारखें वाद्य वाजविणारी दोन हजार वर्षांपूर्वींची दगडी स्त्री कौतुकानें दाखवितों, आणि परत येऊन बाक वाजविणाऱ्यास छडी दाखवितों! रे. ना. वा. टिळकांनीं भजन-कीर्तन आमच्या उपासनेंत आणिलें. मग शाळेनेंच तालापासून दूर कां राहावें?

तबल्यानें पोट भरत नाहीं, असें आमचे एक स्नेही म्हणतात. बहुतेकांचें भरत नाहीं, हें खरें. व्याकरणानेंहि फारसें भरत नाहीं. तरी आम्ही तें शिकवितोंच.

शाळेच्या अडगळींत तबल्याची एक जोडी सांपडली. तबल्याची पुडी फाटलेली होती. ती बदलण्यास पुण्यास पाठविली आहे. तो मुलगा मात्र आम्हांस पाहतांच अजून हात बाकाखालीं नेतो.