सात कागदांची फाईल

आमची धाकटी बहीण लग्नानंतर नवऱ्यासोबत अमेरिकेला गेली, त्याला आता वीस वर्षे होतील. तिची मुलगी, म्हणजे आमची भाची, तिकडे न्यू जर्सीत अकरावीत शिकते. रविवारी सकाळी तिचा फोन येतो. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. 'जयभीम मामा' झाले की आधी आजीची चौकशी, मग मामीच्या हातच्या सुकटीची आठवण आणि मग इकडच्या तिकडच्या गप्पा. मार्च महिन्यातल्या एका रविवारी मात्र ना आजी, ना सुकट. पोरगी एकदम म्हणाली, "मामा, तुमचं कुटुंब अमेरिकेत कसं आलं ते लिहून आणा, असं इतिहासाच्या बाईंनी सांगितलंय. मम्मी म्हणते, पप्पांना नोकरी मिळाली म्हणून आलो, एवढंच लिही. तेवढंच लिहू का?"

आम्ही पडलो कारकून माणूस. बी.कॉम. झालो आणि टेबलाला चिकटलो. पण प्रश्न दिसतो तितका साधा नाही, हे आम्हाला कळले. उत्तर देण्याआधी ती शिकते काय, ते तरी समजून घ्यावे म्हणून आम्हीच तिला उलट विचारत सुटलो. तिने जे सांगितले आणि आम्ही नंतर जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

तिकडे शाळेत असतानाच कॉलेजच्या दर्जाचा विषय घेता येतो. त्याला ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, थोडक्यात ए.पी. म्हणतात. १९०० साली स्थापन झालेली कॉलेज बोर्ड नावाची संस्था १९५५ पासून हा कारभार पाहते. वर्षभर वर्गात शिकायचे आणि मे महिन्यात देशभर एकच परीक्षा द्यायची. गुण १ ते ५. तीन किंवा त्याहून अधिक मिळाले तर पुष्कळ सरकारी विद्यापीठे तो विषय कॉलेजात पुरा झाला असे धरतात. काही नामांकित कॉलेजे चार-पाचशिवाय बोलत नाहीत, तर काही अजिबात सूट देत नाहीत. परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास आहे, गरिबांना सवलत आहे. तोच विषय पुढे कॉलेजात घ्यायचा तर शेकडो, कुठे हजारो डॉलर मोजावे लागतात. म्हणजे कष्टकरी आईबापांच्या दृष्टीने हा हिशोब फायद्याचा.

भाचीने अमेरिकेचा इतिहास घेतला आहे. पेपर सव्वातीन तासांचा. पर्यायांचे ५५ प्रश्न, तीन छोटी उत्तरे, एक निबंध, आणि ज्याला मुले सगळ्यात जास्त घाबरतात तो कागदपत्रांचा प्रश्न. त्यात मुलांपुढे सात कागद ठेवतात. एखादे पत्र, एखादे भाषण, कोर्टाचा निकाल, व्यंगचित्र, आकडेवारीचा तक्ता. त्यांच्या आधारे आपले म्हणणे मांडायचे. कागदात काय लिहिले आहे एवढे सांगून भागत नाही. तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि का लिहिला, हेही सांगावे लागते. वर त्या सात कागदांत नसलेला पुरावाही आपल्या ज्ञानातून द्यावा लागतो.

हे ऐकून आम्हाला हसू आले. अहो, आम्ही तीस वर्षांपूर्वी सनावळ्या घोकून इतिहासात पास झालो. पण नोकरीत वीस वर्षे फायलीच वाचतो आहोत. 'कार्यवाही सुरू आहे' असा शेरा दिसला की कार्यवाही झालेली नाही, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. ही विद्या इतिहासातही चालते, हे मात्र शाळेत कोणी सांगितले नव्हते.

जानेवारीनंतर त्यांचा आधुनिक काळ सुरू झाला. तिकडे त्या काळाची रेघ बहुधा १८७७ सालावर मारतात. गुलामगिरी १८६५ साली घटनादुरुस्तीने संपली, १८७० च्या दुरुस्तीने काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला, आणि १८७७ साली दक्षिणेतल्या राज्यांना आवरणारे उरलेसुरले केंद्राचे सैन्य बाजूला झाले. हक्क कागदावर राहिले आणि राखणदार गेला. १८९६ साली तर सुप्रीम कोर्टानेच निकाल दिला की काळ्यांना वेगळे बसवले तरी सोय समान असेल तर अन्याय नाही. सोय समान होती का, हे पाहायला कोणी गेले नाही.

एक गोष्ट आमच्या कारकुनी डोक्यात फार रुतली. १९३५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला. मोठे लोकहिताचे काम. पण त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेतले बहुसंख्य काळे कामकरी नेमके याच कामांत! कायद्यात काळा हा शब्द कुठेही नाही. तरी माणसे बरोबर बाहेर राहिली. नियम वाचताना काय लिहिले आहे ते पाहावे आणि कोण गळले आहे तेही पाहावे.

भाचीची सर्वांत आवडती गोष्ट बार्बरा जॉन्स या मुलीची. आम्हीही ती दोनदा सांगायला लावली. व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मविल गावी काळ्यांचे मोटन हायस्कूल होते. १८० मुलांसाठी बांधलेले आणि शिकत होती साडेचारशेच्या वर. जास्तीच्या मुलांसाठी डांबरी कागद ठोकलेल्या झोपड्या उभ्या केल्या होत्या. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बराने मुख्याध्यापकांना खोट्या फोनवर गावात पाठवले, सभागृहात सर्व मुले गोळा केली आणि स्वतः व्यासपीठावर उभी राहिली. सगळी शाळा संपावर गेली. मुलांना हवी होती फक्त नवी, धड इमारत. वकील आले, ते म्हणाले, नुसती चांगली शाळा मागाल तर आम्ही नाही. वेगळी शाळाच नको, असे म्हणाल तर खटला चालवू. मुले आणि पालक तयार झाले. १७ मे १९५४ रोजी सुप्रीम कोर्टाने शाळांतली रंगाची भिंत बेकायदा ठरवली, त्या निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक या मुलांचा.

पण किंमत? बार्बराच्या जिवाला धोका म्हणून घरच्यांनी तिला माँटगोमेरीला काकाकडे धाडले. आणि त्या कौंटीने काळी-गोरी मुले एकत्र बसवण्यापेक्षा १९५९ पासून पाच वर्षे सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या! गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या. काळ्या मुलांची ती वर्षे कोणी परत दिली नाहीत. अमेरिकेच्या संसद भवनातून गुलामगिरीवाल्या राज्यांचा सेनापती ली याचा पुतळा डिसेंबर २०२० मध्ये काढण्यात आला, आणि त्या जागेसाठी व्हर्जिनियाने निवड केली ती बार्बराची.

असा इतिहास सर्वांनाच गोड लागतो असे नाही. २०१४ साली या विषयाचा नवा आराखडा आला तेव्हा त्यात देशाची नालस्ती आहे, अशी ओरड झाली. कोलोरॅडोतल्या जेफरसन कौंटीच्या शाळा मंडळापुढे तर, देशभक्ती वाढवणारे तेवढेच शिकवावे, कायदा मोडण्याला उत्तेजन देणारे नको, असा ठराव आला. त्यावर शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी आराखडा सुधारून निघाला. २०२३ साली फ्लोरिडा राज्याने काळ्यांच्या अभ्यासाचा नवा ए.पी. विषय नाकारला. अभ्यासक्रमात काय ठेवायचे याचे भांडण तिकडेही मिटलेले नाही.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येतो. भारतीय माणूस अमेरिकेत कसा आला? १९२३ साली भगतसिंग थिंद यांचा खटला झाला. नागरिकत्व गोऱ्यांना होते, म्हणून आपण उच्च जातीचे आर्य, सबब गोरे, असा त्यांचा दावा होता. कोर्टाने तो फेटाळला. म्हणजे जात शंभर वर्षांपूर्वीच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोहोचली होती, आणि तीही बढाई म्हणून. १९४६ साली भारतीयांना वर्षाला जेमतेम शंभरांची वाट मिळाली. खरे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काळ्यांच्या मताधिकाराचा कायदा झाला, ऑक्टोबरमध्ये हा. ज्या चळवळीच्या रेट्याने वंशावरून माणूस निवडणे लाजिरवाणे ठरले, तिच्याच लाटेवर आपली माणसे तिकडे पोहोचली. बार्बरा संपावर गेली, त्याचा उपकार आमच्या भाचीवर असा आहे.

बहीण फोनवर आली. म्हणाली, "दादा, तू तिच्या डोक्यात भरवू नकोस. इथं आपल्याकडच्या लोकांचं मंडळ आहे. आधी आडनाव विचारतात, मग गाव. पोरीच्या मैत्रिणी तुटतील." आम्ही गप्प झालो. उपदेश करण्याचा आमचा अधिकार तरी काय? नोकरीच्या पहिल्या वर्षी खोली शोधताना आम्हीही घरमालकापुढे आडनाव गिळले होते. तेवढे मात्र आम्ही त्या दिवशी दोघींनाही सांगितले. यापूर्वी कोणाला सांगितले नव्हते.

भाचीला म्हटले, "काय लिहायचं ते तू ठरव. फक्त परीक्षेत करतेस तसं कर. घरातले सात कागद समोर ठेव."

तिने कागद जमवले. आजोबांचे गिरणीचे ओळखपत्र आम्ही फोटो काढून पाठवले. पप्पांच्या शिष्यवृत्तीचे पत्र, व्हिसा, पहिल्या पगाराची चिठ्ठी तिच्या घरी होती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले होते, ते तिने स्वतः शोधले. आजीचा लुगड्यातला फोटो सहावा. सातवा कागद दोन रविवार मिळेना. तिसऱ्या रविवारी कळले की बहिणीने स्वतःच पेटीतून तो काढून मुलीच्या टेबलावर ठेवला. तिचा जातीचा दाखला. आमच्या वडिलांनी खाडे करून, तहसील कचेरीत तीन खेपा घालून काढलेला.

भाचीने वर्गात तो दाखवला. कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, सगळे सांगितले. आपल्याकडची एक मुलगी त्यानंतर तिच्या शेजारी बसेनाशी झाली. दुसरी एक मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाली, "आमच्या घरीही असा एक कागद आहे."

परीक्षा मे महिन्यात आहे. तीन मिळोत की पाच. बहीण म्हणते, घरात आता त्या कागदाविषयी बोलणे होते, पूर्वी होत नव्हते.

वाचकहो, आपल्याही घरी पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत असे कागद असतील. वाळवी लागण्याआधी ते बाहेर काढा. मुलांना जवळ बसवा आणि हा कागद कोणी, किती खेपा घालून मिळवला, ते सांगा.